दोष डोळ्यांचा नव्हता!

‘‘ताई, माये आठ हजार कुठं गेले वो?’’

महिन्याच्या बैठकीत गटातल्या एका मावशींनी हा प्रश्न विचारला आणि चटईवर बसलेल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. मावशी शेतमजुरी करतात. अक्षर जेमतेम ओळखतात, पण आकडे त्यांना पक्के कळतात. बचतीच्या पासबुकात मागच्या महिन्यापर्यंत त्यांचे नऊ हजार पाचशे होते. या महिन्याचे शंभर धरून नऊ हजार सहाशे व्हायला हवे होते. मी लिहिले होते एक हजार सहाशे. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात!

मैत्रिणींनो, बचत गटाचा हिशेब जिनं कधी सांभाळला असेल तिला त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं ते सांगायला नको. गट पैशावर चालत नाही, विश्वासावर चालतो. सोयाबीनचं बियाणं असो, पोरीची फी असो की दवाखाना, बाई गटाकडे येते ती ‘आपला पैसा आपल्या बायांकडे आहे’ या भरवशावर. तिथं आठ हजारांचा फरक निघाला की एका क्षणात दहा वर्षांची पुण्याई पुसली जाते.

मी धावत घरी गेले, लॅपटॉप उघडला. त्यात बरोबर ९,६०० होते. पैसे जागेवर होते. चूक पडद्यावरून पासबुकात उतरवताना झाली होती. नऊचा मला एक दिसला होता. आपल्या मराठीतला ९ आणि १ बारीक करून पाहा, एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. पासबुक दुरुस्त झालं, मावशी समजुतीनं घेऊन गेल्या. माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. ‘आता आपल्याला दिसत नाही, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं,’ असं मी त्या रात्री ठरवूनच टाकलं होतं.

पुढे जे कळलं, त्यासाठी हा लेख.

नवा लॅपटॉप, जुना हिशेब

आमच्या चिखली भागातल्या काही गटांचा हिशेब एका छोट्या प्रोग्रामवर चालतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं कॉलेजात असताना, २००८ च्या सुमारास, तो आमच्यासाठी लिहून दिला होता. सभासदाचं नाव, बचत, कर्ज, व्याज, हप्ता, सगळं मराठीत. आकडेसुद्धा मराठीत पाहिजेत हा आमचाच हट्ट. एमएस-सीआयटी करून नुकताच माऊस हातात धरलेल्या आम्हा बायकांना त्या प्रोग्रामनं फार आधार दिला. चौकोनी, सतरा इंची पडद्याचा तो कॉम्प्युटर पंधरा वर्षं चालला. २०२३ च्या दसऱ्याच्या आधी एके दिवशी तो सुरूच झाला नाही.

मग गटांनी मिळून नवा लॅपटॉप घेतला. चौदा इंची, पातळ, दिसायला देखणा. प्रोग्राम त्यावर चढवला आणि पाहते तर काय, सगळी अक्षरं धूसर! पावसात भिजलेल्या चिठ्ठीवरच्या शाईसारखी. बाकी सगळं लख्ख, आमचा प्रोग्राम तेवढा पुसट. ज्या दुकानातून घेतला तिथल्या मुलानं दोन मिनिटांत काहीतरी बदललं. ‘‘काकू, आता बघा, एकदम क्लिअर.’’ खरंच, अक्षरं रेखीव झाली. पण इतकी बारीक झाली की जणू राजगिऱ्याचे दाणेच सांडलेत पडद्यावर. ‘‘नवीन लॅपटॉपला असंच असतं काकू, सवय होईल. आणि एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या,’’ असा सल्लाही मिळाला.

नंबर तपासला. पाव नंबरचा फरक निघाला, नवा चष्मा केला. तरी मान पुढे, नाक पडद्याला टेकलेलं, संध्याकाळी कपाळ ठणकतंय असंच चालू राहिलं. घरात सगळे म्हणायचे, ‘‘चाळिशी कधीच उलटली आता, व्हायचंच.’’ मलाही ते पटलं. आपल्या बायकांना स्वतःचा दोष फार लवकर पटतो, नाही का?

अंगणातला धडा

जानेवारी २०२४ मध्ये माझी भाची पुण्याहून आली. ती तिथं सॉफ्टवेअरचं काम करते. बारा तारखेला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला जायचं आणि पंधराची संक्रांत करून परतायचं, असा तिचा बेत होता. मी लॅपटॉपवर वाकलेली पाहून ती मागे येऊन उभी राहिली.

‘‘मावशी, हे तू रोज असं वाचतेस?’’

‘‘अगं, डोळे गेले आता माझे.’’

‘‘डोळे नाही गेले तुझे. हा प्रोग्राम माप न घेता शिवलाय.’’

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. तिथंच तिनं मला सगळं समजावलं. ती म्हणाली, ‘‘मावशी, अकरा ठिपके, अकरा ओळींची रांगोळी आहे ना ही? ठिपके तीन बोटांवर दिले तर अंगणभर होते. तेच अकरा ठिपके एका बोटावर दिले तर?’’

‘‘तर उंबऱ्यापुरती होईल.’’

‘‘तुझ्या लॅपटॉपचं एवढंच झालंय.’’

कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. प्रत्येक अक्षर, प्रत्येक चौकट ठिपक्यांनी बनते. एका इंचात किती ठिपके बसतात, त्याला डीपीआय म्हणतात. आमच्या जुन्या सतरा इंची पडद्यावर इंचाला साधारण ९६ ठिपके होते. या नव्या चौदा इंची लॅपटॉपवर ते आहेत १५७ च्या आसपास. आमच्या प्रोग्रामचं अक्षर होतं सोळा ठिपके उंच. जुन्या पडद्यावर सोळा ठिपके म्हणजे इंचाचा सहावा भाग. नव्यावर तेच सोळा ठिपके म्हणजे इंचाचा जेमतेम दहावा भाग. रुपयाचं अक्षर दहा आण्यांचं झालं! माझा चष्मा बिचारा काय करणार?

मग हे ९६ आलं कुठून? छपाईच्या धंद्यात अक्षर ‘पॉइंट’मध्ये मोजतात आणि एका इंचात ७२ पॉइंट. ॲपलच्या पहिल्या मॅकिन्टॉशनं इंचाला ७२ ठिपके धरले होते. मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी ९६ धरले, म्हणजे एकतृतीयांश जास्त. कारण पुस्तक आपण हातात धरतो, पडदा मात्र थोडा दूर असतो, तेव्हा अक्षर जरा मोठं हवं. हिशेब शहाणपणाचा होता. घोटाळा पुढे झाला. वर्षानुवर्षं सगळे पडदे ९६ च्या आसपासच असल्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी इंच मोजायचं सोडून दिलं आणि ठिपकेच मोजायला लागले. शेजारणीच्या मापानं सगळ्यांचे ब्लाउज शिवावेत, तसं.

धूसर का आणि बारीक का

ठिपके दाट होत जाणार हे विंडोजवाल्यांना माहीत नव्हतं असं नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा त्यात एक युक्ती केली होती. पडद्यावर सगळं सव्वापट, दीडपट मोठं दाखवायची सोय त्याआधीही होती. आता विंडोज प्रत्येक प्रोग्रामला जणू विचारू लागलं, ‘तुला माप कळतं का?’ जो ‘हो’ म्हणेल त्याला स्वतःच्या हातानं मोठं होऊ द्यायचं. जो गप्प बसेल, म्हणजे आमच्यासारखे जुने प्रोग्राम, त्याला आधी छोट्या मापातच काढू द्यायचं आणि मग त्याचा फोटो ताणून मोठा करायचा.

फोटो ताणला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पासपोर्ट साइझचा फोटो नेऊन भिंतीवरच्या फ्रेमएवढा करून आणला की चेहरा धुरकट होतो. आमचा प्रोग्राम पहिल्या दिवशी धूसर दिसला तो यामुळे. नव्या लॅपटॉपवर १५० टक्के, म्हणजे दीडपट माप लावलेलं होतं. दुकानातल्या मुलानं ते १०० टक्क्यांवर आणलं. ताणणं बंद झालं, धुरकटपणा गेला, पण दीडपटही गेली. एका दुखण्याचं औषध म्हणून त्यानं दुसरं दुखणं दिलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. अक्षर रेखीव असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेविशीतल्या डोळ्यांना कळत नाही इतकंच.

‘‘मग अक्षरच मुळात लहान असतं का गं?’’ मी विचारलं.

‘‘छे! अक्षराचा काहीच दोष नाही.’’

आणि तिनं सांगितलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. आजकालचे टंक, म्हणजे फॉन्ट, ठिपक्यांत साठवलेलेच नसतात. अक्षराच्या बाहेरच्या वळणाची रेषा साठवलेली असते. कागदावर पेन्सिलीनं आकार काढावा तशी. तो आकार हवा तेवढा मोठा करा, कड रेखीवच राहते. आमच्या प्रोग्राममधला टंक ‘मंगल’. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मराठी-हिंदी दिसत आली ती याच टंकात. तो घडवणारा माणूस आपला मराठीच, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं, २००८ मध्ये ते गेले. एका मराठी माणसानं एवढं निगुतीनं काढलेलं अक्षर, त्याला मोठं व्हायचंय, आणि प्रोग्राम त्याला कोंडून ठेवतोय!

तीन संध्याकाळी, आणि मग आणखी

प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या मुलाला फोन केला. त्यानं मूळ फायली जपून ठेवल्या होत्या, लगेच पाठवल्या. ‘‘तेव्हा आमच्याकडे एकच पडदा होता, काकू. त्यावर छान दिसत होतं,’’ असं तो ओशाळून म्हणाला. खरं आहे. तेव्हा तेवढंच होतं.

भाची म्हणाली, ‘‘तीन संध्याकाळी दे मला.’’ पहिल्या संध्याकाळी काम अगदी सोपं वाटलं. प्रोग्रामसोबत एक छोटी फाईल असते. ती म्हणजे विंडोजला दिलेली चिठ्ठीच. तिच्यात लिहायचं, ‘मला माप कळतं, माझा फोटो ताणू नकोस.’ चिठ्ठी लिहिली, लॅपटॉप पुन्हा १५० टक्क्यांवर नेला, प्रोग्राम उघडला. अक्षरं मोठी आणि लख्ख! मी टाळ्याच वाजवल्या.

‘‘थांब मावशी, अजून लग्न व्हायचंय, आत्ता नुसती सुपारी फुटली,’’ ती हसत म्हणाली. कारण अक्षर वाढलं होतं, पण त्याच्याभोवतीची चौकट वाढली नव्हती. नाव लिहायचा रकाना १२० ठिपक्यांचा होता, तो १२० चाच राहिला. लांब आडनावं अर्ध्यावर तुटली. चिठ्ठीत ‘मला माप कळतं’ लिहिणं म्हणजे वचन देणं. आता प्रोग्रामला ते पाळावं लागतं. प्रत्येक ठिकाणी, जिथं जिथं कुणी ठिपक्यांचा आकडा लिहून ठेवला असेल, तिथं तो हिशेबानं वाढवावा लागतो. हिशेब सोपा त्रैराशिक आहे. ९६ ला १२०, तर १४४ ला किती? १८०. पण असे आकडे प्रोग्रामभर विखुरलेले. तांदळातले खडे वेचावेत तशी ती ते वेचत बसली.

दुसऱ्या संध्याकाळी आपल्या मराठीची खरी गंमत कळली. यादीत एका बाईंचं नाव ‘समन’ दिसत होतं. आमच्या गटात समन कुणी नाही, सुमन आहेत. ओळीची उंची कमी पडून उकार खालून कापला गेला होता! इंग्रजी अक्षरांचं बरं असतं, ती रांगेत सरळ उभी राहतात. आपल्या अक्षरांना डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि पायाशी उकार, ऋकार. घराला वर माळा आणि खाली तळघर हवं, तसं. इंग्रजी धरून आखलेल्या ओळीत आपली अक्षरं आधीच अंग चोरून बसलेली असतात. माप चुकलं की पहिला घाव मात्रेवर नाहीतर उकारावर. आणि मात्रा गेली की अर्थ गेला. आपल्या जिल्ह्याचंच पाहा ना. कुणी ‘बुलडाणा’ लिहितात, कुणी ‘बुलढाणा’. बारीक पडद्यावर ड की ढ ते ओळखून दाखवा!

भाचीनं मग ओळीची उंची ठिपक्यांत लिहायचंच सोडून दिलं. टंकालाच विचारायचं, ‘तुला वरखाली मिळून किती जागा लागते?’ आणि तेवढी द्यायची. सुमनताईंना त्यांचा उकार परत मिळाला.

तिसऱ्या संध्याकाळी ‘जतन करा’ हे बटणच नाहीसं झालं. माहिती भरायची पूर्ण, पण जतन कुठं करायची? कारण असं की तो फॉर्म ७०० ठिपके उंच होता, दीडपट केल्यावर १,०५० झाला. पडद्याची उंची १,०८०. त्यातले ७२ ठिपके विंडोजची खालची पट्टी खाते. उरले १,००८. बटण पट्टीच्या खाली गेलं. सगळं मोठं करायचं म्हटलं की जागा कुठून आणायची हा प्रश्न येणारच. स्वयंपाकघरात मोठा फ्रीज आणला की ओट्यापाशी जायला वाट उरत नाही, तसंच हे. तिनं एका लांबलचक फॉर्मचे दोन भाग केले, बचतीचा एक, कर्जाचा एक. खरं सांगते, काम उलट सोपं झालं.

छोट्या चित्रांचंही तसंच. छपाईचं चित्र, शोधायचं भिंग, ही १६ ठिपक्यांची इवलीशी चित्रं. ती मात्र ठिपक्यांतच साठवलेली असतात, त्यामुळे ताणली की फाटक्या गोधडीसारखी दिसतात. ती २४ आणि ३२ ठिपक्यांत नव्यानं काढावी लागली.

या सगळ्यात एक गोष्ट पहिल्यापासून बरोबर होती, ती म्हणजे छापलेली पावती. ती ना कधी बारीक झाली, ना धूसर. प्रिंटरसाठी लिहिताना त्या मुलानं इंचात माप दिलं होतं, कारण कागद मोजता येतो. पडदाही मोजायचा असतो, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दोन पडद्यांचा पेच

तीन संध्याकाळी संपल्या, भाची पुण्याला गेली. फेब्रुवारीत गटांची एकत्र बैठक होती. तिथं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर हिशेब दाखवतात. मी ऐटीत प्रोग्राम भिंतीवर नेला आणि सगळं अवाढव्य होऊन बसलं! नावाचे रकाने पडद्याबाहेर. लॅपटॉपवर दीडपट माप ठीक होतं, पण प्रोजेक्टरवर एकपटच हवं होतं.

मी तिथूनच फोन लावला. ‘‘अगं, ही रांगोळी भिंतीवर मावत नाही!’’

यातही मी एकटी नव्हते. व्हिस्टाच्या युक्तीत एका कॉम्प्युटरला एकच माप धरलं होतं. पुढे लोक लॅपटॉपला दुसरे पडदे जोडू लागले, कुठे दाट ठिपके, कुठे विरळ. फोनमध्ये तर २०१० साली आयफोन ४ पासून ठिपके इतके दाट झाले की डोळ्याला वेगळे दिसेनात. २०१२ मध्ये ॲपलनं तसाच पडदा लॅपटॉपला लावला आणि मग सगळेच त्या वाटेनं निघाले. तेव्हा विंडोज ८.१ नं, २०१३ मध्ये, प्रत्येक पडद्याचं वेगळं माप धरायला सुरुवात केली. चौकट एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेली की विंडोज प्रोग्रामला निरोप देतं, ‘माप बदललं, आवरून घे.’ पण तो निरोप ऐकून प्रत्येक चौकट, प्रत्येक रकाना नव्यानं मांडायचा सगळा भार प्रोग्रामवरच होता. २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेत त्यातला बराचसा भार विंडोजनं स्वतः उचलला. चिठ्ठीत आता ‘मला प्रत्येक पडद्याचं माप कळतं’ असं लिहायचं आणि निरोप आला की आवरायचं. भाचीनं दोन शनिवार-रविवार खर्चून तेही केलं.

ही कामं मोठ्या कंपन्यांनाही सोपी गेली नाहीत. कितीतरी नावाजलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं दाट पडद्यावर धूसर किंवा बारीक दिसत राहिले. कारण हे काम दिसत नाही. नवीन सोय आणली की जाहिरात करता येते. ‘आता तुम्हाला आमचं अक्षर वाचता येईल,’ अशी जाहिरात कोण करणार?

सवय कुणी करायची?

या सगळ्या धावपळीत भाची मला एक काम सांगायची, ‘‘मावशी, बायकांना दाखव आणि कुठं अडतं ते लिहून ठेव.’’ मी लॅपटॉप घेऊन गटातल्या बायकांपुढे बसायचे. कुणाला लाल अक्षर दिसत नव्हतं, कुणी म्हणालं व्याजाचा रकाना फार कोपऱ्यात गेलाय. पुण्यातल्या तिच्या मोठ्या पडद्यावर जे कधीच दिसलं नसतं, ते आमच्या बायकांनी पाच मिनिटांत दाखवलं. त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण आपल्याला काय दिसत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, सेतू, दवाखान्याची काउंटरं, डीटीपीची दुकानं, कुठंही जा, कॉम्प्युटरवर बहुतेक एखादी मुलगी किंवा बाई बसलेली असते. दिवसाचे आठ-आठ तास. मान पुढे काढून, डोळे बारीक करून. विचारलं तर म्हणते, ‘‘सवय झाली.’’ विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अनेक कचेऱ्यांत जुनी मशीनं जाऊन नवी येत आहेत. नवी म्हणजे दाट ठिपक्यांची. प्रोग्राम मात्र जुनेच. म्हणजे माझ्यासारखा पाव नंबर वाढवून घेणाऱ्या पुष्कळजणी निघणार.

त्यांना एवढंच सांगायचंय. डोळे जरूर तपासा, चाळिशीनंतर तपासलेच पाहिजेत. पण शेजारचा प्रोग्राम स्वच्छ दिसतो आणि एकच बारीक किंवा धूसर दिसतो, तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. ज्यानं प्रोग्राम दिला त्याला फोन करा आणि ठामपणे सांगा, ‘‘दीडपट मापावर नीट दिसला पाहिजे.’’ तो करता येतो. आमच्या चिमुकल्या प्रोग्रामचा झाला, तर पैसे घेऊन विकलेल्या प्रोग्रामचा का नाही?

मार्चच्या बैठकीत त्याच मावशी माझ्यासमोर बसल्या होत्या. मी त्यांच्या नावाचं पान उघडलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या पुढे वाकल्या नाहीत. चटईवर होत्या तिथूनच, बोट हवेत फिरवत त्यांनी आकडा वाचला.

‘‘नऊ हजार नऊशे. हाव, बरोबर हाय ताई. लिहा आता.’’

मी लिहिलं. नऊ हजार नऊशे.

हे करून पाहा

• सगळंच बारीक दिसत असेल तर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी उजवं बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. खालचं ‘रिझोल्युशन’ मात्र ‘रेकमेंडेड’ असेल तेच ठेवा. ते कमी केलं तर अक्षर मोठं होतं, पण सगळंच धूसर होतं.

• एकच प्रोग्राम धूसर किंवा बारीक दिसत असेल तर त्याच्या चित्रावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कम्पॅटिबिलिटी’, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असं जा. तळाशी ‘ओव्हरराइड’च्या चौकोनात खूण करून ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडा. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. काही प्रोग्राम यानं लख्ख होतात. वेडंवाकडं दिसलं तर ‘सिस्टिम’ निवडून पाहा, नाहीतर खूण काढून टाका.

• विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइझ’ आहे. तिथं विंडोजची अक्षरं तेवढी सव्वादोनपटीपर्यंत वाढवता येतात. जुने प्रोग्राम याला दाद देतीलच असं नाही.

• इंटरनेटचं पान बारीक असेल तर ‘कंट्रोल’ दाबून अधिकचं चिन्ह दाबा. परत पूर्ववत करायला ‘कंट्रोल’ आणि शून्य.

• नवा प्रोग्राम विकत घेताना तो स्वतःच्या लॅपटॉपवर, दीडपट मापावर चालवून पाहा. उकार असलेलं एखादं नाव भरा, त्याचा उकार दिसतो का ते पाहा. शेवटचं बटण दिसतं का तेही पाहा. मगच पैसे द्या.